विहिरीची दरड का ढासळते? पुरानंतर विहिरीत उतरण्याआधी माढ्यानं समजून घ्यावं असं भेगांचं गणित

माढा : सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या पुरानं दारफळ, उंदरगाव, केवड या गावांसह तालुक्याचा नदीकाठ धुऊन नेला. पीक गेलं, माती गेली, जनावरं गेली. त्यासोबत विहिरीही गेल्या. काही गाळानं भरल्या, काहींचा काठ खचला. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात बाधित विहिरीसाठी ३० हजार रुपयांची तरतूद होती. त्या पैशावर आजवर बोलणं झालं ते एकाच प्रश्नावर : मिळाले की नाही?

दुसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. गाळ काढायला जो माणूस खाली उतरणार आहे, त्याच्या डोक्यावर चाळीस-पन्नास फूट उभी असलेली दरड टिकणार का?

दरड म्हटलं की आपल्याला घाट आठवतो. माळीण, तळिये, इर्शाळवाडी आठवते. पण आपल्या भागात ‘विहिरीची दरड कोसळून मजूर ठार’ ही बातमीही नवी नाही. एक-दोन माणसं जातात, पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद होते, आणि विषय संपतो. घाटातली दरड आणि विहिरीतली दरड यांचं शास्त्र मात्र एकच आहे. भेगा पडलेला खडक उभा कापला तर तो कधी टिकतो आणि कधी सुटतो, याचं गणित जगात साठ वर्षांपासून होतंय. ते आपल्या बांधापर्यंत आलेलं नाही, एवढंच.

आपल्या पायाखाली काय आहे

माढा तालुका दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलाय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्यातून हा खडक झाला. विहीर खणताना प्रत्येक शेतकरी हे थर बघतो. वर काळी माती, मग मऊ मुरूम, मग कठीण मुरूम, मग पाषाण. मध्येच कुठं तरी गेरूचा तांबडा पट्टा लागतो. दोन लाव्हांच्या मधल्या काळात जी जमीन वर उघडी होती, तिचा तो भाजलेला थर. कोरडा असताना बरा, पण पाणी लागलं की साबणासारखा होतो.

पाषाण कठीण असला तरी तो अखंड कधीच नसतो. लाव्हा थंड होताना आकसला, त्यामुळं त्यात उभ्या भेगा पडल्या. थर बदलतो तिथं आडव्या भेगा असतात. त्यावर नंतरच्या काळातल्या तिरप्या भेगा. विहिरीला पाणी येतं ते याच भेगांतून. म्हणजे ज्या भेगेला आपण ‘झरा लागला’ म्हणून नारळ फोडतो, तीच भेग दरडीचा कच्चा दुवा असते.

म्हणून ‘खडक कठीण आहे, पडत नाही’ हे म्हणणं अर्धवट आहे. खडक सहसा फुटून पडत नाही, तो भेगेवरून घसरून पडतो. दगड किती कठीण यापेक्षा भेग कुठल्या बाजूला कललीय आणि तिच्यात काय भरलंय, यावर सगळं ठरतं.

दहा टनांच्या दगडाचा हिशेब

यातलं सगळ्यात सोपं गणित कागद-पेन्सिलीनं होतं. विहिरीच्या दरडीत एक दगड धरा : २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, १.२ मीटर उंच. वजन साधारण १० टन. त्याच्या खालची भेग विहिरीच्या बाजूला ३० अंशांनी कललेली आहे.

वजनाचा एक हिस्सा दगडाला भेगेवरून खाली ओढतो. ३० अंशांवर हा हिस्सा निम्मा, म्हणजे ५ टन. दुसरा हिस्सा दगडाला भेगेवर दाबून धरतो, तो ८.६६ टन. भेग खरखरीत असेल, घर्षणाचा कोन ४० अंश धरला, तर त्या दाबामुळं सुमारे ७.२७ टनांचा अडसर तयार होतो. ओढ ५ टन, अडसर ७.२७ टन. भागाकार १.४५. यालाच सुरक्षा गुणांक म्हणतात. तो एकाच्या वर असेल तर दगड टिकतो, खाली गेला तर सुटतो.

आता त्याच भेगेत पाणी भरू द्या. दगडाच्या तळाचं क्षेत्र ३ चौरस मीटर. सरासरी एक मीटर उंचीचा पाण्याचा दाब आला तरी तो दगडाला ३ टनांनी वर उचलतो. मग भेगेवरचा दाब उरतो ५.६६ टन, आणि अडसर ४.७५ टन. गुणांक ०.९५. दगड तोच, कल तोच, भेग तीच. कमरेएवढ्या पाण्यानं हिशेब उलटा झाला.

पाणी नसलं तरी भेगेत गेरूची मऊ माती भरलेली असेल तर घर्षणाचा कोन २० अंशांपर्यंत उतरू शकतो. मग अडसर उरतो जेमतेम ३.१५ टन आणि गुणांक ०.६३. असा दगड केवळ कुठल्या तरी कोपऱ्यात चिकटून आहे म्हणून उभा असतो. सुरुंगाचा एक हादरा किंवा पहारीचा एक घाव त्याला पुरतो.

या आकड्यांत भेगेचा चिकटपणा धरलेला नाही, मागच्या उभ्या भेगेतलं पाणी दगडाला पुढं ढकलतं तेही धरलेलं नाही. पण ‘पाऊस उघडल्यावर दोन दिवसांनी, उन्हात दरड कशी पडली?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. वरचं पाणी आटलं तरी भेगेतलं पाणी हळूहळू उतरतं.

आणखी एक गोष्ट. तुडुंब भरलेल्या विहिरीतलं पाणी दरडीला आतून टेकू देत असतं. गाळ काढायची घाई म्हणून मोठी मोटर लावून विहीर एका दिवसात उपसली की टेकू जातो, पण दरडीमागचं पाणी तसंच राहतं. पुरानंतरच्या विहिरींना खरा धोका आहे तो इथं.

दुर्घटनांनी शिकवलेलं शास्त्र

हे गणित शिकायला जगाला मोठी किंमत मोजावी लागली. २ डिसेंबर १९५९ रोजी फ्रान्समधलं मालपासे धरण फुटलं. चारशेहून अधिक माणसं गेली. धरणाचं काँक्रीट चांगलं होतं. त्याचा डावा खांदा ज्या खडकावर टेकला होता, त्यातली पाचरीसारखी एक शिळा भेगांवरून सरकली, आणि भेगांतल्या पाण्याच्या दाबानं तिला ढकललं होतं. चार वर्षांनी, ९ ऑक्टोबर १९६३ रोजी, इटलीत वायोंत धरणाच्या जलाशयात अख्खा डोंगरउतार घसरला. धरण जागेवर राहिलं, पण उसळलेल्या लाटेनं सुमारे दोन हजार लोकांचा बळी घेतला.

या दोन घटनांनंतर खडकातल्या भेगांचं शास्त्र झपाट्यानं वाढलं. फ्रान्सचे पियर लोंद यांनी तीन बाजूंनी भेगांनी कापलेल्या पाचरीचा हिशेब मांडला. लंडनमध्ये हुक आणि ब्रे यांनी १९७४ मध्ये खडकाच्या उतारांवर पुस्तक लिहिलं, ते आजही अभियंते वापरतात. नॉर्वेत काम करणाऱ्या बार्टन यांनी भेगेचा खरखरीतपणा अंकात मोजायची रीत दिली.

पण एक दगड आणि एक भेग असेल तोवर हे ठीक. दरडीत शेकडो दगड असतात. एक हलला की दुसऱ्याचा आधार जातो, भार तिसऱ्यावर पडतो. हे हातानं सुटत नाही. इथून संगणकाचं काम सुरू होतं.

संगणक काय करतो

ढोबळमानानं दोन वाटा आहेत.

पहिली वाट, खडक सलग आहे असं धरून त्याचे हजारो छोटे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकावरचा ताण काढायचा. याला फायनाइट एलिमेंट म्हणतात. यात भेग दाखवायची सोय अमेरिकेतल्या गुडमन आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये केली. मग संगणकात खडकाची ताकद मुद्दाम थोडी थोडी कमी करत जायची. कितीनं कमी केल्यावर उतार कोसळतो, तो आकडा म्हणजे सुरक्षा गुणांक. मुरमासाठी, झिजलेल्या खडकासाठी, बोगद्यासाठी ही रीत चांगली.

दुसरी वाट आपल्या विहिरीच्या जास्त जवळची. १९७१ मध्ये पीटर कंडाल यांनी असं मांडलं, की खडक सलग धरूच नका. तो सुट्या दगडांचा ढीग आहे असं समजा. प्रत्येक दगड वेगळा, तो सरकू शकतो, फिरू शकतो, शेजाऱ्यापासून सुटू शकतो. डाळिंबाच्या क्रेटची थप्पी डोळ्यासमोर आणा. खालचं एक क्रेट ओढलं तर वरची कुठली हलतील, कुठली अडकून राहतील? संगणक हेच क्षणाक्षणानं मोजत जातो. याला डिस्टिंक्ट एलिमेंट म्हणतात. कुठला दगड आधी सुटेल आणि त्याच्यामागून काय येईल, हे यातून दिसतं.

या दोन्हींच्या मध्ये एक फार उपयोगाचा विचार आहे. तो गुडमन आणि गेन-हुआ शी यांनी १९८५ मध्ये पुस्तकरूपानं मांडला : कळीचा दगड शोधा. दरडीतले सगळे दगड धोक्याचे नसतात. जो दगड विहिरीच्या तोंडाकडं निमुळता आणि मागं रुंद, तो कमानीच्या दगडासारखा आपोआप अडकतो. जो तोंडाकडं रुंद आणि मागं निमुळता, तो बाहेर येऊ शकतो. असा एक दगड रोखला तर मागचे वीस आपोआप थांबतात. तो सुटला तर मागचे वीस मोकळे होतात.

आपल्या जुन्या जाणत्या माणसांनी विहीर गोल का खणली, याचं एक कारण यात सापडतं. गोल दरडीत दगड एकमेकांना अडवून धरतात. चौकोनी खड्ड्याची सरळ भिंत तशी अडवत नाही, आणि भिंतीला समांतर भेग असली तर ती सगळीच्या सगळी आत येऊ शकते.

घाटात होतं, मग बांधावर का नाही

माढ्याचा माणूस या गणितावर रोज विसंबतो, फक्त त्याला ते ठाऊक नसतं. टेंभुर्णीहून वाशी मार्केटला जाणारी गाडी एक्सप्रेस-वेवरून उतरते. त्या रस्त्यावर जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दगड कोसळून प्रवाशांचे जीव गेले. त्यानंतर कडे तपासले गेले, सुटे दगड काढले, लोखंडी जाळ्या लावल्या. तरी जुलै २०२३ मध्ये आडोशीजवळ पुन्हा दरड आली. कुर्डुवाडीहून मुंबईला जाणारी गाडी बोरघाटातून जाते, तिथंही पावसाळ्यात कड्यांवर नजर ठेवावी लागते. कोकण रेल्वेवर २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीमुळं गाडी घसरली, पन्नासहून अधिक प्रवासी गेले. मग तिथं कटिंगचे उतार कमी केले, खडकात बोल्ट मारले, जाळ्या लावल्या, आणि पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरवला.

म्हणजे जिथं अपघाताची बातमी देशभर जाते, तिथं गणितही होतं आणि पैसाही येतो. आपल्याच तालुक्याच्या पोटातून गेलेला भीमा-सीना जोड बोगदा घ्या. असा बोगदा खडकाची प्रत आणि भेगा बघितल्याशिवाय पुढं नेता येत नाही. त्याच खडकात शंभर फुटांवर शेतकऱ्याची विहीर असते. तिला मात्र कोणी विचारत नाही.

कायद्यातही ही फट आहे. कोळसा सोडून इतर खाणींसाठीच्या केंद्राच्या १९६१ च्या नियमावलीनुसार मुरूम-मातीच्या उघड्या खाणीत कडा ४५ अंशांपेक्षा उभी ठेवता येत नाही. नाही तर दीड-दीड मीटरच्या पायऱ्या कराव्या लागतात. तोच मुरूम विहिरीत मात्र पंधरा-वीस फूट सरळ उभा कापलेला असतो, कारण शेतातली विहीर खाण धरली जात नाही. पाण्यासाठी खणलेल्या विहिरीला ४५ अंशांचा उतार द्यायचा म्हटलं तर बरीच जमीन जाईल, हेही खरं. म्हणून तर उतार शक्य नसेल तिथं बांधकाम हवं, आणि कुठं हवं ते कळायला तपासणी हवी.

मनरेगातून सिंचन विहिरीचं अनुदान २०२२ मध्ये ४ लाख करण्यात आलं, पुढं ते आणखी वाढलं. अनुदान मिळताना मापपुस्तकात व्यास येतो, खोली येते, माती किती, मुरूम किती, कठीण खडक किती हे येतं, कारण त्यावर दर ठरतो. भेगेच्या कलाला दर नाही, म्हणून तिला रकाना नाही. गेरूचा पट्टा किती फुटांवर लागला, पाझर कुठल्या बाजूनं आहे, काठामागं जमिनीला तडा आहे का, हे कुठंच लिहिलं जात नाही. अपघात झाला की मग पंचनाम्यात लिहितात.

गणिताच्या मर्यादा

संगणकाचं नाव ऐकून भुलायचंही कारण नाही. भेगांची माहिती चुकीची दिली तर उत्तरही चुकीचंच येणार, चित्र कितीही रंगीत असो. खडकाच्या आत भेग किती लांब गेलीय हे बाहेरून दिसत नाही.

शिवाय प्रत्येक दरड एकाच जातीची नसते. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये १५१ माणसं गाडली गेली, ती डोंगरावरून आलेल्या माती-दगडांच्या चिखलाखाली. तिथं एकेका भेगेचा हिशेब लावून भागत नाही, भिजलेल्या मातीचं गणित वेगळं करावं लागतं. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री जी इर्शाळवाडी गेली, ती दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, हे सरकारनंच सांगितलं. यादी किंवा गणित तुम्ही जिथं लावता तिथलंच सांगतं. जिथं बघितलंच नाही, तिथलं काय सांगणार?

आपल्या विहिरीत या दोन्ही जाती एकाखाली एक असतात. वरच्या माती-मुरमात वाडग्यासारखा गोलसर भाग खचतो. खालच्या पाषाणात दगड भेगेवरून सुटतो. मध्ये गेरू असेल तर पाणी तो पट्टा पोखरतं, आणि वरचा भाग अधांतरी लटकतो. पुराच्या पाण्यानं तर वरचा मुरूम भिजवून भिजवून सैल केलाय.

मग करायचं काय

प्रत्येक विहिरीला संगणकावर बसवणं शक्य नाही, त्याची गरजही नाही. माढ्याच्या जमिनीचे नमुने पाच-सहाच असतील : सीनाकाठची गाळाची जमीन, उजनीच्या बाजूची कालव्याखालची भिजलेली जमीन, माळावरचा उघडा खडक, गेरू लागणारी विहीर, वगैरे. सोलापूर-पंढरपुरात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. विद्यापीठ आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडं विहिरींची माहिती आहे. या सगळ्यांनी मिळून पाच-सहा नमुना विहिरींचं गणित केलं, तर एक साधा तक्ता निघू शकतो : अमुक थर असेल तर इतक्या खोलीपर्यंत बांधकाम हवंच, पाणी रोज इतकंच उपसा, अमुक चिन्ह दिसलं तर उतरू नका. विद्यार्थ्यांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचं हे काम आहे. पंचायत समितीनं मनावर घेतलं तर एका उन्हाळ्यात होईल.

दुसरं, विहिरीच्या मापपुस्तकाला आणि पंचनाम्याला एक पान जोडा. चार प्रश्न पुरेत : भेगांचा कल विहिरीकडं आहे का, भेगेत माती भरलीय का, पाझर कुठून आहे, काठामागं तडा आहे का.

आणि तोवर, गाळ काढणाऱ्यांनी आणि काढून घेणाऱ्यांनी एवढं तरी पाळावं :

– विहीर एका दमात उपसू नका. थोडं उपसा, थांबा, दरडीतून पाणी निघू द्या.

– निघालेला गाळ, दगड काठावर टाकू नका. खोलीच्या निम्म्या अंतरावर तरी न्या. ट्रॅक्टर काठापासून लांब ठेवा. यारी काठावरच बसते, म्हणून तिच्या खालची जमीन आधी बघा.

– काठामागं तडा असेल तर त्याच्या दोन बाजूंना दोन खिळे ठोका आणि रोज सकाळी टेपनं अंतर मोजा. अंतर वाढतंय म्हणजे दरड निघालीय. त्या दिवशी कुणी खाली उतरायचं नाही.

– दरडीतून बारीक खडे गळायला लागले किंवा स्वच्छ पाझर गढूळ झाला, तर काम थांबवून वर या. हत्यारं राहिली तर राहू द्या.

– पावसानंतर लगेच उतरू नका. सुरुंग लावला असेल तर सुटे दगड वरून, दोराला बांधून घेऊन, पहारीनं पाडा, मगच खाली जा.

– माणूस खाली असेल तेव्हा एक जण वर फक्त दरडीकडं बघत उभा पाहिजे. यारी चालवणारा तो नव्हे, दुसरा.

यातल्या कुठल्याच गोष्टीला ३० हजार लागत नाहीत. दोन खिळे आणि एक टेप लागतो. पण मजुरीवर आलेला माणूस ‘आज उतरत नाही’ असं म्हणू शकत नाही, ते मालकाला म्हणावं लागतं. आणि पाणी घाईचं असलेल्या मालकाला ते म्हणायला लावणं हे प्रशासनाचं काम आहे. विहिरीच्या मदतीचा हिशेब तहसीलमध्ये लागेल तेव्हा लागेल. त्यासोबत दरड तपासल्याचं एक पान जोडलंय का, हेही या पावसाळ्याआधी विचारलं गेलं पाहिजे.